समोरचा पाट

“आणि तुजं ताट कुठं हाय?”

आत्मारामने हे विचारलं तेव्हा आनंदीबाई कालवणाची पळी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिला पुष्कळ काही विचारलं होतं. छपराला पेंढा किती लागला, म्हैस कधी विणार, मनिऑर्डर कुठल्या तारखेला पोचली. पण असलं काही कधी नाही. तिने एकदा मागे वळून पाहिलं; प्रश्न दुसऱ्या कुणाला असेल तर त्याने ऐकून घ्यावा. मागे चुलीशिवाय कुणी नव्हतं.

“माजं कशाला ताट?” ती म्हणाली. “तुमी उठलाव की त्यातच बसतंय.”

आत्मारामने हातातला घास परत ताटात ठेवला.

हा आत्माराम मूळचा केळशीचा, पण केळशीत खऱ्या अर्थाने राहायला आला तो पन्नाशी गाठून. त्याआधीची सत्तावीस वर्षं तो आगबोटीवर खलाशांचा स्वयंपाकी होता. बंदर असो की तुफान, बेचाळीस माणसं दोन वेळा जेवली पाहिजेत, एवढं त्याचं जगातलं काम. ते त्याने असं केलं की माणूस कसा जेवतो एवढं पाहून तो माणूस कसा आहे हे सांगावं. भाताला आळं करून थेंबभर कालवण बाहेर जाऊ न देणारा खलाशी कुणाला तंबाखूची चिमूट देणार नाही. मासा शेवटाला राखून ठेवणारा भांडण विसरत नाही. चावल्याशिवाय गिळणारा घरच्या पत्राची वाट बघतो आहे. अशी बेचाळीस माणसांची बेचाळीस पानं त्याच्या डोक्यात होती. मग मंदी आली. मालाशिवाय आगबोटी बंदरात डोलू लागल्या आणि कंपनीने आत्मारामच्या हातात एक दाखला देऊन त्याला हर्णैच्या धक्क्याकडे रवाना केलं. ट्रंक आणि थोडा दमा, एवढं घेऊन तो घरी आला. साल होतं तेहतीस, महिना कार्तिक.

घरी तीन बायका. आनंदीबाई; सतरा वर्षांची मुलगी मालन; आणि वडिलांची बहीण गोदूबाई, जिला सगळी आळी आत्ये म्हणे. गोदूबाईचा नवरा फार वर्षांपूर्वी एका आश्विनात मचवा घेऊन मुंबईला निघाला, तो तिकडे पोचला नाही आणि इकडे परतलाही नाही. बारा वर्षं वाट पाहून रीतीप्रमाणे तिने कुंकू पुसलं आणि ती माहेरी आली. त्यालाही आता तीस वर्षं होऊन गेली होती. तोंडाची तिखट, हाताची चलाख. जेवायची मात्र चुलीमागच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून. जेवताना तिला कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहावं अशी तिची इच्छाही नव्हती.

तर तो ताटाचा प्रश्न आत्मारामला सुचला कसा, ते सांगायला हवं. आदल्या दिवशी तो दापोलीच्या बाजारात गेला होता. आपण आता कायमचे घरी आलो, बायकोसाठी काहीतरी न्यावं असं त्याच्या मनात आलं. दुकानदाराने सहज विचारलं, मंडळींना काय आवडतं, खजूर देऊ की खडीसाखर? आत्माराम उभाच राहिला. चितगावच्या सुकाणीला भोपळा चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. बाणकोटच्या बाबल्याला कच्चा कांदा दिसला नाही तर तो उपाशी उठतो हेही ठाऊक होतं. आनंदीबाईला काय आवडतं? परतीच्या वाटेवर त्याने हिशेब घातला. सव्वीस वर्षांत तो सगळा मिळून चाळीस महिने घरी होता. म्हणजे बाराशे दिवस, म्हणजे चोवीसशे जेवणं. त्यातल्या एकाही जेवणात त्याने बायकोला जेवताना पाहिलेलं नव्हतं. लग्नात तिने त्याच्या हातचा एक घास खाल्ला होता, तोही मान इतकी खाली घालून की तो तोंडात गेला की पदरात, हे त्याला आजवर नक्की सांगता आलं नसतं.

म्हणून त्या दुपारी तो उठला, ट्रंक उघडली आणि तळातून तामचिनीची एक थाळी काढली. पांढरी, निळ्या काठाची, आगबोटीवरची. ती त्याने स्वतः घासली. भिंतीकडचा पाट ओढून आपल्यासमोर मांडला, थाळी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, “बस.”

आनंदीबाई बसली नाही. आत्मारामने ताटाला हात लावला नाही. दोघंही आपापल्या जागी ठाम, मधे भात निवतो आहे, असा तमाशा चार दिवस चालला. गोदूबाईने पहिल्याच दिवशी आपलं मत दिलं होतं. त्या भांड्यात कोण कोण जेवलं असेल ते समुद्रालाच ठाऊक, हा एक मुद्दा. आणि बायको नवऱ्यासमोर जेवली की त्याचं आयुष्य तुटतं, हा दुसरा.

“आत्ये,” आत्माराम म्हणाला, “सत्तावीस वर्सं दर्याला जमला नाय, ता हिच्या भाताला जमंल काय?”

पाचव्या दिवशी आनंदीबाई बसली. तिला काही पटलं होतं म्हणून नव्हे. वाफाळता भात डोळ्यांदेखत गार होतो आहे हे तिच्याने बघवेना. पदर पुढे ओढून, अंग चोरून, पाटाच्या अर्ध्याच भागावर ती बसली. मालनने दोघांना वाढलं आणि हसू येईल म्हणून आत पळाली. आनंदीबाईने भाताचा पहिला घास केला आणि तो तोंडात न घालता थाळीच्या काठाशी वेगळा ठेवला.

“हा कुणाचा?” आत्मारामने विचारलं. त्याच्या डोळ्यांतून पानावरचं काही सुटत नसे.

ती चांगलीच ओशाळली. हाताला सवय, म्हणाली. मग खोदून विचारल्यावर सांगितलं, की दर्यावर गेलेल्या माणसाचा पहिला घास रोज काढून ठेवायचा आणि कावळ्याला घालायचा. म्हणजे तो माणूस तिकडे उपाशी राहत नाही. घरी आला की बंद करायचं. नव्या थाळीत हात विसरला, इतकंच.

“सव्वीस वर्सं?”

“तुमी जितकं दिस दर्यावर, तितकं दिस.”

“अगो, मी सोता रांधपी. मी कसा उपाशी ऱ्हाईन?”

“ता मला काय ठावं,” आनंदीबाई म्हणाली. “आत्येनं सांगितलं, मी केलं.”

आत्माराम हसणार होता, पण मनात आलं. कोकणपट्टीतल्या किती घरांत किती बायका रोज दुपारी असा घास बाजूला काढत असतील, आणि त्यांच्या नवऱ्यांपैकी एकालाही ते माहीत नसेल. माहीत होणार कसं? पाहायला समोर कुणी बसलंच नव्हतं.

तेवढ्यात आनंदीबाईने दुसरा घास केला, तोंडात घातला, आणि तिचे डोळे एकदम पाण्याने भरले. आत्माराम घाबरून अर्धा उठला. तिची जीभ भाजली होती. सगळ्यांच्या मागून बसणाऱ्या बाईला गरम भात खायचा कसा हे ठाऊकच नव्हतं. आगबोटीवर नव्या पोराला शिकवावं तसं त्याने तिला दाखवलं: मधला भात उचलायचा नाही, काठाकाठाने यायचं, घास बोटांत जरा खेळवायचा. तिने तसं केलं. आणि मग ती जेवली. सावकाश, एकेक घास पुरता चावून, जणू कुणी मोजून देतंय. तिला काय आवडतं ते आत्मारामला त्या दिवशी कळलं. तिला गरम भात आवडत होता. बाकी काही नाही.

बाकीचं हळूहळू बाहेर आलं. महिन्याभराने एका संध्याकाळी ती म्हणाली, “मला कुळीथ आवडत नाय.” ज्या घरात रोज रात्री कुळथाचं पिठलं होतं, आणि जे तिनेच सव्वीस वर्षं हाटलं होतं, त्या घरात हे वाक्य म्हणजे खांब हलल्यासारखं होतं. गोदूबाई चुलीमागून म्हणाली, “ऐका. आता ह्यांना आवडीनिवडी सुचल्या.” पण दुसऱ्या दिवशी पिठलं झालं ते एकाच माणसापुरतं, आत्मारामपुरतं, आणि ते गोदूबाईनेच केलं.

आता असल्या गोष्टी घरात राहत नाहीत. शेजारचा केरू एका दुपारी दोरखंड मागायला आला, त्याने दारातून नवरा-बायको समोरासमोर जेवताना पाहिली, आणि दोरखंड विसरून तसाच परत गेला. दिवेलागणीपर्यंत बातमी खाडीपलीकडे पोचली. आत्माराम विलायतेहून काय घेऊन आला, तर दमा आणि एक चाल, असं लोक म्हणू लागले. भांडी पण तूच घासतोस काय रे, असं कुणी किनाऱ्यावर विचारलं. आत्मारामने उत्तर दिलं, की बेचाळीस जणांची घासली त्याला दोघांची जड नाहीत. तुझ्या घरी हात कमी पडत असतील तर तुझीही आण. लोक हसले. पण हसणारे दुसऱ्या दिवशीही हसत होते, आणि तिसऱ्या दिवशी त्यातले काही जण हसायचे थांबून नुसते बघू लागले. ते जास्त वाईट.

वाईट अशासाठी, की मालनचं जमत आलं होतं. बाणकोटकडचा भिकाजी, दोन मचव्यांचा धनी. त्याचा मुलगा रघू मुंबईला गोदीत कामाला. केरूच मधला माणूस. असं स्थळ आत्मारामसारख्या घरी बसवलेल्या स्वयंपाक्याच्या दारात दुसऱ्यांदा येणार नव्हतं, हे आत्माराम जाणून होता, आनंदीबाई जाणून होती, आणि मालन तर खाडीवर पाणी चढलं की बाणकोटच्या बाजूला जरा जास्तच वेळ पाहत असे. माघातल्या एका शुक्रवारी भिकाजी आणि त्याचा भाऊ बोलणी पक्की करायला जेवायला येणार असं ठरलं. केरूने आत्मारामला बाजूला घेतलं.

“तुज्या घरात तू काय पण कर,” तो म्हणाला. “पण त्या दिवशी ता थाळीचा नाटक नको. पोरीचं बघ.”

आत्मारामने पोरीचं पाहिलं. आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आनंदीबाई अंगणात पोहे निवडत होती, तिथे जाऊन तो बराच वेळ खोकला. शेवटी म्हणाला, उद्याच्या दिवस तू आत जेव. एक दिवस. पुढे आहेच आपलं.

“बरं,” आनंदीबाई म्हणाली.

आत्मारामला हायसं वाटलं. तिचं ‘बरं’ त्याने सव्वीस वर्षं पत्रांतून वाचलं होतं, आणि पत्र दुसऱ्याच्या हातचं असतं. समोर बसून ते ‘बरं’ ऐकायची त्याला अजून पुरती सवय नव्हती.

शुक्रवारी पाहुणे आले. भिकाजी रुंद, शांत, कानात भिकबाळी. बोलायचा कमी आणि तोलून. मालनला पाहिलं, दोन गोष्टी विचारल्या, मान हलवली. केरूचा चेहरा खुलला. पाय धुऊन मंडळी मधल्या घरात जेवायला आली, तो जमिनीवर ओळीने चार पाट आणि चार केळीची पानं मांडलेली. भिकाजी, त्याचा भाऊ, केरू, आत्माराम. आणि त्या ओळीच्या समोर, आत्मारामच्या बरोबर पुढ्यात, एकटा पाचवा पाट. त्यापुढे निळ्या काठाची थाळी.

कुणी बसेना. केरूने आत्मारामकडे असं पाहिलं, की तो दोरखंड आत्ता हाताशी असता तर त्याने आत्मारामच्या गळ्याला लावला असता.

“आजून कोन यायचा हाय?” भिकाजीने विचारलं.

आनंदीबाई दारात उभी होती, हातात भाताचं पातेलं. तिने ना डोळ्यांनी विनवलं, ना मान खाली घातली. ‘कुणी नाही’ म्हणायचं, पायाने थाळी सरकवायची, संपलं. ते करायची मोकळीक तिने त्याला दिली होती. फक्त ते त्याने स्वतः करावं, तिच्याकडून करून घेऊ नये, एवढंच त्या थाळीचं म्हणणं होतं.

आत्मारामने मालनकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, तांब्या दोन्ही हातांनी धरलेला. मग त्याने घसा साफ केला.

“आमची मालनची आय,” तो म्हणाला. “ती माज्यासमोर जेवते.”

भिकाजी थोडा थांबला आणि बसला. त्याच्या भावाने आपलं पान उचलून तोंड भिंतीकडे होईल असा पाट फिरवला. आनंदीबाईने पातेलं मालनच्या हातात दिलं आणि ती जाऊन बसली. आज पाटाच्या अर्ध्या भागावर नव्हे, पुऱ्या पाटावर. मालनने पाहुण्यांना वाढलं, बापाला वाढलं, आणि मग आईपुढे वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “आये, भात वाढू?” आनंदीबाई म्हणाली, वाढ. सबंध जेवण होईपर्यंत त्या घरात एवढंच बोलणं झालं. भिकाजीचा अपमान झाला होता असं मागून सांगण्यात आलं. त्या अपमानात त्याने सुरमईचं कालवण दोनदा मागून घेतलं, हे मात्र नोंदवून ठेवायला हवं. उठताना त्याने रीतसर हात जोडले. निरोप पाठवतो, म्हणाला.

निरोप आठव्या दिवशी केरूने आणला. मुलामुलीची पत्रिका जुळत नाही. मालनची पत्रिका कधी कुणी मांडलीच नव्हती.

त्या दुपारी आत्माराम ओट्यावरून आत आला तो एकदम दहा वर्षांनी म्हातारा होऊन. जेवायची वेळ झाली होती. त्याने समोरचा पाट उचलला आणि भिंतीशी उभा केला. थाळी ट्रंकेत टाकायला हातात घेतली. माझ्या हट्टापायी पोरीचं घर गेलं, असं तो कुणाकडेही न बघता म्हणाला. पुरे झालं. उद्यापासून पहिल्यासारखं.

आनंदीबाईने त्याच्या हातातून थाळी काढून घेतली.

“पाट तुमी मांडलाव,” ती म्हणाली. “पण त्याच्यावर बसले ती मी. जीभ भाजली ती माजी. आता उचलायचा का नाय, ता तुमाला कोन विचारतंय?”

“आनि पोरीचं?”

“जितं आय जेवलेली चालत नाय, तितं पोर जाऊन काय खानार?”

आत्माराम मालनकडे वळला. ती पाण्याची कळशी घेऊन नुकतीच आली होती. डोळे लाल होते, ते वाऱ्याने की कशाने, हे तिने कुणाला सांगितलं नाही. कळशी उतरवून पदराला हात पुसत ती म्हणाली, “बाबा, दापोलीला जाल तवा मला पन एक थाळी आना. निळ्याच काठाची.”

आत्मारामने आणली. त्या साली मालनसाठी दुसरं स्थळ आलं नाही, पुढच्या सालीही नाही. केरूने बोलणं तोडलं आणि दोरखंड लागला की दुसरीकडे जाऊ लागला. किनाऱ्यावर हसणारे हसत राहिले. आत्मारामच्या मधल्या घरात रोज दुपारी एका पाटासमोर दोन पाट मांडले जात, दार मुद्दाम उघडं ठेवून. ते उघडं ठेवायची सूचना आनंदीबाईची.

हे पुढचं झालं; त्या माघापाठोपाठ चैत्र आला. एका दुपारी मालन वाढत होती आणि स्वयंपाकघराच्या दारात गोदूबाई येऊन उभी राहिली. हातात तांब्या, काखेत आपला पाट. ती कितीतरी वेळ तिथेच होती. शेवटी आत्माराम म्हणाला, काय गो आत्ये?

“चुलीपाशी धूर फार झालाय,” गोदूबाई म्हणाली. “डोळं चुरचुरतात.”

ती चूल तीस वर्षं तशीच धुरकट होती. आनंदीबाई नुसती सरकली आणि गोदूबाईने तिच्या शेजारी पाट टाकला. घरात चौथं ताट नव्हतं. आत्मारामने आपलं पितळी ताट तिच्यापुढे सरकवलं आणि पातेलं-पळी घेऊन तो स्वतःच वाढायला उभा राहिला. सत्तावीस वर्षांचा सराव होता.

“गरम हाय ना?” गोदूबाईने विचारलं. “लगीन झाल्यापास्नं गरम खाल्ला नाय.”

“काठाकाठाने या, आत्ये,” आनंदीबाई म्हणाली.

गोदूबाईने मान डोलावली. भात कालवला. पहिला घास केला, आणि तो तोंडात न घालता ताटाच्या काठाशी वेगळा ठेवला. नीट, बोटांनी गोल करून, मचवा गेल्यापासूनच्या बेचाळीस वर्षांत कधी विसरला नसावा असा.

आनंदीबाईने ते पाहिलं. मालनने पाहिलं. गोदूबाईने मान वर करून आत्मारामकडे पाहिलं, ‘विचार काय विचारायचं ते’ अशा नजरेने.

आत्मारामने काही विचारलं नाही. त्याने पळी भरली, वाकला, आणि त्या घासाला धक्का लागणार नाही अशा बेताने तिच्या ताटात कालवण वाढलं.